मावशीचा गुरुवार

मी मुळातच भित्री. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघते, कुलूप ओढून बघते, आणि रिक्षा आमच्या फुलपाड्याच्या बाहेर पडली की पुन्हा वाटतं, बटण बघितलं ते आजचं की कालचं? शाळेत मला पाटी फार आवडायची, कारण पाटी पुसता यायची. पुढे शाईचं पेन हातात आलं तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी कितीतरी दिवस काही लिहिलंच नाही. बाईंनी विचारलं तर म्हणाले, "चुकलं तर?" सगळा वर्ग हसला. मला अजूनही त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

अशा बाईनं पन्नाशीनंतर अशा ठिकाणी लिहायला लागावं, जिथे एकदा लिहिलेलं कोणालाच पुसता येत नाही! नवरा म्हणतो, तुला भीतीची हौस आहे. असेलही.

त्याची सुरुवात आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीपासून झाली. ती मोबाइलची ॲप बनवते, घरूनच काम करते आणि विरजण मागायला वर येते. एकदा तिला ओट्यावर माझी वही दिसली. माझं माहेर भुईगावचं, वाडीवाल्यांचं. केळी, पानवेली, मोगरा. तिथली घरातली बोली आता माझ्या तोंडातूनही निसटायला लागली आहे, म्हणून आठवेल तसे शब्द मी वहीत उतरवत होते. केळीच्या कोक्याला काय म्हणायचे, वेल बांधायच्या दोरीला काय, पाट फुटला की आई काय ओरडायची. मुलगी उभ्याउभ्या चार पानं वाचून म्हणाली, "काकू, हे वहीत काय ठेवताय? वही एक दिवस रद्दीत जाईल. हे चेनवर टाका."

ब्लॉकचेनवर चालणारी लिहिण्याची एक जागा होती. तिची व्यवस्था मला समजायला महिना लागला, पण सांगते ती सोपी करून. एरवी लाइक म्हणजे नुसता अंगठा. इथे प्रत्येक मताला वजन. ज्याच्या खात्यात त्या जागेची नाणी जास्त, त्याचं मत जड, आणि जड मत ज्या लेखाला पडेल तो लेख वर दिसतो, त्याला बक्षीस मिळतं. आमच्यासारख्यांचं मत म्हणजे शेवंतीची पाकळी. शंभर पाकळ्या टाकल्या तरी काटा हलत नाही. म्हणून मोठे खातेदार आपलं वजन निवड करणाऱ्या गटांना उसनं देतात. गटानं वाचायचं, चांगलं निवडायचं, त्यावर ते जड मत टाकायचं. बक्षिसातला थोडा वाटा गटाला मिळतो आणि त्यावर गटाचा संसार चालतो.

आमचा गट सहा जणांचा झाला. मी, ती मुलगी, भुईगावचे निवृत्त ख्रिस्ती शिक्षक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, वाडीवाल्यांतले दोघे, आणि राजोडीची मावशी. जो तो आपल्या घरच्या बोलीत लिहायचा.

मावशी माझ्या नात्यातली नाही. राजोडीला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती सुकी मासळी विकते. बोंबील, जवळा, सोडे. मी तिच्याकडून वर्षानुवर्षं घेत आले आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण बोलायला लागली की गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवतं. भरती-ओहोटीचे शब्द, वाऱ्यांची नावं, कुठला मासा कोणासारखा हट्टी. तिच्यासाठीच त्या मुलीनं ॲपमध्ये एक मोठं लाल बटण केलं. ते दाबायचं आणि बोलायचं. बोललेलं अक्षरांत यायचं, मी त्यातल्या चुका सुधारायचे आणि मावशीच्या नावानं ते चेनवर चढवायचे. तिचं खातंही मीच उघडून दिलं. खात्याची किल्ली म्हणजे एक लांबलचक अक्षरांची माळ असते. ती मी कागदावर उतरवून डाळीच्या डब्याखाली ठेवली होती.

पहिला लेख चढला तेव्हा मी तिला मोबाइलमध्ये तिचं नाव दाखवलं. तिची सून शेजारी उभी होती, तिनं अक्षर-अक्षर वाचून दाखवलं. मावशी बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली. घर मुलाच्या नावावर, होडी दिराच्या नावावर, रेशनकार्डावर ती कोणाची तरी बायको.

"हे कोन पुसनार नाय ना?" तिनं विचारलं.

"नाही मावशी. कोणाची टाप नाही. मी म्हटलं तरी मला पुसता येणार नाही."

तिनं मला मूठभर सोडे जास्त घातले. बक्षिसाच्या नाण्यांविषयी तिनं कधीच विचारलं नाही. ती खात्यात तशीच पडून होती. दर शुक्रवारी सून तिला वाचून दाखवायची की तिच्या लेखाखाली कोणी काय लिहिलंय, आणि मावशी ते शेजारणीला सांगायची.

आम्हाला वजन उसनं देणारा होता परदेशातला एक खातेदार. चेहरा नाही, नाव नाही, नावाच्या जागी दिव्याचं चित्र. आम्ही त्याला दिवेवाला म्हणायचो. त्यानं आमचं काहीतरी भाषांतराच्या यंत्रातून वाचलं, त्याला आवडलं, आणि एका सकाळी आमच्या गटाच्या खात्यात एवढं वजन आलं की मी भाजी करपवली. मुलगी नाचत वर आली. मला मात्र पहिला प्रश्न हाच पडला की हे त्यानं काढून घेतलं तर? मुलगी म्हणाली, "काढू शकतो काकू, एका क्लिकमध्ये. पण काढेल कशाला?"

त्या दिवसापासून मी रोज उठल्यावर आधी ते वजन जागेवर आहे ना बघायचे.

आता हे जड मत कोणाला द्यायचं? दिवेवाल्यानं सांगितलं होतं, चांगलं निवडा. पण आम्ही सहाजण एकमेकांचे शेजारीपाजारी. सरांचं चांगलं की मावशीचं चांगलं, हे कोण ठरवणार, आणि ठरवून कुठल्या तोंडानं पुन्हा त्यांच्या ओटीवर चहा घेणार? तेव्हा मीच तोडगा काढला. सगळ्यांना तो इतका आवडला की कोणी दुसरा विचारच केला नाही.

माझ्या माहेरच्या वाडीशेजारी बावखल आहे. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं लहानसं तळं. त्यावर सहा घरांच्या वाड्या होत्या. चार आम्हा वाडीवाल्यांची, दोन ख्रिस्ती. प्रत्येक घराला पाण्याचा एक वार. सोमवार एकाचा, मंगळवार दुसऱ्याचा, असं शनिवारपर्यंत. रविवारी त्या दोन घरांची माणसं चर्चमध्ये मिसाला जायची, म्हणून त्या दिवशी कोणीच पाणी काढायचं नाही. बावखल निजलंय, असं म्हणायचे. ज्याचा वार त्याचं पाणी. घरात लग्न असो, सुतक असो, माणसं परगावी असोत, त्या दिवशी पाट त्यांच्याच वाडीकडे उघडायचा. एका उन्हाळ्यात गुरुवारवालं घर दवाखान्याच्या कामानं मुंबईला जाऊन राहिलं होतं. आमच्या पानवेली डोळ्यांदेखत माना टाकत होत्या. मी दादांना, म्हणजे वडिलांना, म्हटलं, त्यांच्या वाडीत बघायला कोण आहे, आज पाणी आपल्याकडे वळवा ना. दादा त्यांच्या वाडीकडे पाट उघडून आले, हात धुतले आणि एवढंच म्हणाले, "त्यांचा वार आहे."

तेच मी गटात आणलं. सहा माणसं, सहा वार. ज्याचा वार त्याच्या लेखाला गटाचं जड मत. रविवारी सुट्टी. मावशीनं गुरुवार मागितला, कारण त्या दिवशी निम्मी गिऱ्हाइकं उपासाची, मासळीला हात लावत नाहीत आणि तिला बोलायला वेळ असतो. गुरुवारला ती बेस्तरवार म्हणते. "बेस्तरवार माझा," असं तिनं सगळ्या रस्त्याला सांगितलं.

वर्षभर ते छान चाललं. गटाच्या वाट्यातून ॲपच्या सर्व्हरचं भाडं सुटायचं. पण लाल बटण वापरणारे वाढले, आणि मुलीचं एकटीचं बळ पुरेना. त्या जागेचा एक सामाईक निधीही असतो. ॲप बनवणाऱ्यानं तिथे अर्ज टाकायचा, काय करणार ते लिहायचं, आणि सगळ्या खातेदारांनी मतं द्यायची. पुरेशी जड मतं जमली तर रोज थोडं थोडं मिळत राहतं. मुलीनं अर्ज टाकला. मग ती बिचारी जगभरच्या अनोळखी माणसांना मतं मागत फिरू लागली. आमच्या गल्लीत निवडणुकीला हात जोडून फिरतात ते तरी ओळखीचे असतात. ज्यानं कोड लिहायचा त्यानं आर्जवं करण्यात दिवस घालवायचा, हे मला मुळीच पटलं नाही, आणि तसं मी तिथे लिहिलंही.

मला अजूनही वाटतं की बावखलाला जे कळतं ते या हुशार लोकांना कळत नाही. पाणी देणारा एकटा धनी असेल तर पिणाऱ्याचा जीव कायम टांगणीला. उसनं वजन द्यायचं तर निदान एक पीक हाती येईपर्यंत ते काढता येणार नाही, अशी बोली हवी. ॲपला निधी द्यायचा तर जे त्याचं बटण दाबतात त्यांना विचारून द्यावा, ज्यांच्याकडे नाणी आहेत त्यांना नव्हे. आणि निवड करणाऱ्याला मोबदला वाचण्याचा मिळावा. मतांचा वाटा मिळतो म्हटल्यावर माणूस वाचायचं सोडून नुसती मतं टाकत बसतो. हे मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. आम्ही स्वतःही तेच करत होतो, हे मला तेव्हा दिसलं नाही.

मग एका शुक्रवारी सकाळी कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि मुलीचा फोन आला. एरवी ती फोन करत नाही, वरच येते. "काकू, बसा आधी."

त्या जागेवर पहारा करणारा एक गट असतो. संगनमतानं मतं वाटून घेणाऱ्यांना शोधणं हे त्यांचं काम. त्यांच्या यंत्रानं आम्हाला शोधलं होतं. सहा खाती, वार ठरलेले, वजन ठरलेलं, रविवार रिकामा. त्यांनी एक रंगीत तक्ता केला होता, आमच्या वाडीच्या पाटांसारखा स्वच्छ. खाली लिहिलं होतं की हे लोक वाचून मत देत नाहीत, आळीपाळीनं बक्षीस लुटतात. याला ते शेती म्हणतात. तिथे ती शिवी आहे. मी वाडीवाल्याची मुलगी, आणि त्या एका शब्दानं मला भर सकाळी घाम फुटला.

"एवढंच नाही," मुलगी म्हणाली. "सगळ्यात नवीन लेख मावशींचा होता. कालचा. त्यांनी त्याच्यावर उलटं मत टाकलंय."

मी उघडून बघितलं. मावशीचा लेख राखाडी झाला होता. वर पडदा, आणि पडद्यावर सूचना की हे संशयास्पद आहे. खाली यंत्रानं आम्हा सहाही जणांना आपोआप डकवलेली ओळ: हे खातं मतांची लूट करणाऱ्या टोळीतलं आहे. तिच्या नावाखाली. ज्या नावाकडे ती बघत राहिली होती, त्या नावाखाली. आणि ती ओळ कोणालाच पुसता येणार नव्हती, ते लिहिणाऱ्याला सुद्धा. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला, शेवटी नवऱ्यानं येऊन गॅस बंद केला.

दुपारी दिवेवाल्याचा निरोप आला. अगदी सभ्य भाषेत. सोमवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर मला माझं वजन काढून घ्यावं लागेल. मुलीच्या अर्जावरचं सगळ्यात जड मतही त्याचंच होतं. म्हणजे तो गेला की गट गेला आणि ॲपही गेलं.

पण खरं सांगते, मला धास्ती होती ती सुनेची. मावशीला वाचता येत नाही, सुनेला येतं. आज शुक्रवार. आजच ती वाचून दाखवणार. मी राजोडीला फोन लावला आणि मासळीचं काहीतरी विचारलं. मावशी म्हणाली, सून भावाच्या लग्नाला डहाणूला गेलीय, पंधरा दिवस येत नाही. मी फोन ठेवला आणि देवाला हात जोडले. कशासाठी जोडले ते त्याला कळलं असेल तर त्याला माझी लाज वाटली असेल.

रविवारी आम्ही सरांच्या ओटीवर जमलो. सर मिसाहून आलेले, अजून इस्त्रीच्या शर्टात. मावशीला मी बोलावलंच नव्हतं. सरांनी विचारलं, "ती कुठे आहे?" मी म्हटलं, तिला उगाच ताण नको. सर चष्मा पुसत राहिले.

"वार बंद करू," मुलगी म्हणाली. "सांगू की चूक झाली. यापुढे आठवड्यातून एकच मत, सगळ्यांत उत्तम लेखाला. आणि मावशींचं खातं थोडे दिवस बाजूला ठेवू. त्यांचं नाव दिसलं की पहारेवाले परत येतील. दोन-तीन आठवडेच, काकू."

"तिला सांगून ठेवा," सर म्हणाले.

"सांगते," मी म्हणाले.

सोमवारी मी खुलासा लिहिला. त्यात बावखल लिहिलं, सहा घरं लिहिली, रविवारी पाणी निजतं ते लिहिलं, पानवेली सुकत असताना पाट शेजाऱ्यांकडे उघडणारे दादा लिहिले. लिहिता लिहिता मला रडू आलं आणि लेख चांगला उतरतोय हेही कळत होतं. शेवटी एक ओळ घातली: ज्या खात्याविषयी शंका आहे, ते आम्ही तूर्त थांबवलं आहे. ही ओळ मी चार वेळा खोडली आणि पाचव्यांदा ठेवली. वारांचा नियम माझा होता. मावशीला तर त्या तक्त्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. तसं लिहिलं असतं तर कदाचित मलाच थांबवलं असतं, दिवेवाला गेला असता, मुलीचं दोन वर्षांचं काम गेलं असतं. मी घाबरले. बटण दाबलं, आणि माझ्या हातची ती ओळ कायमची झाली.

दिवेवाल्याला लेख फार आवडला. त्यानं वजन ठेवलं. मुलीच्या अर्जालाही मतं पुरी झाली. पहारेकऱ्यांनी बाकी पाच नावांवरचा शेरा मागे घेतल्याचं कळवलं. मागे घेतला म्हणजे त्याखाली तसं लिहिलं, इतकंच. मावशीच्या नावाखाली काहीच लिहिलं नाही, कारण तिच्यासाठी कोणी मागितलंच नव्हतं. आणि त्या आठवड्यात गुरुवारी आमच्या गटानं 'सगळ्यांत उत्तम' म्हणून जो लेख निवडला, तो माझा बावखलाचा होता. निवड मुलीनं आणि सरांनी केली. मी नको म्हटलं, पण नको म्हणताना माझा आवाज बारीक होता.

मावशी मात्र आपल्या वाराला लाल बटण दाबून बोलतच होती. एका गुरुवारी तिनं सांगितलं की दक्षिणेचा वारा सुटला की बोंबील लवकर वाळत नाहीत आणि बायका एकमेकींवर चिडतात. पुढच्या गुरुवारी नवऱ्यानं पहिल्यांदा होडीवर नेलं तेव्हा आपण किती ओकलो ते सांगितलं, आणि स्वतःच हसली. ते हसणं मी ओट्याशी उभी राहून ऐकलं. दोन्ही आवाज माझ्या मोबाइलमध्ये न चढवलेले पडून राहिले. दोन-तीन दिवसांनी तिचा फोन यायचा.

"माझा आला काय गं वर?"

"नेटवर्कचा घोळ आहे मावशी. येईल."

"कोन काय बोलला?"

"छान म्हणतायत सगळे."

रात्रीची झोप उडाली हे तर झालंच, पण दिवसाही दारावरची बेल वाजली की वाटायचं सून आली. बाजारात कोणी राजोडीकडचं दिसलं तर मी दुसऱ्या बाजूनं जायचे. मासळी आणायची बंद केली. नवरा म्हणाला, घरात सोड्याचा वास नाही, तू आजारी आहेस का? मी त्याच्यावर खेकसले. भीती माझ्या अंगी नेहमीचीच, पण एरवी ती काहीतरी घडेल म्हणून असते. ही मी जे करून बसले होते त्याची होती, आणि तिला कुलूप ओढून बघण्याचा काही उपयोग नव्हता.

शेवटी पंधरा दिवस भरत आले. दुसऱ्या दिवशी सून येणार, तर आदल्या दिवशी सकाळी मी राजोडीला गेले. रिक्षात मी सगळं पाठ करत होते. यंत्राची चूक, परदेशी लोकांचे नियम, ॲप वाचवायचं होतं, थोडेच दिवस. सुरूच्या झाडांपाशी उतरले तर घरी परत जावंसं वाटलं. शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी नव्हती. मावशी ताडपत्रीवर जवळा पसरत होती. मला बघून तिनं हात झटकले आणि बसायला उपडी टोपली दिली.

मी सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरले आणि उलटसुलट सांगितलं, पण सांगितलं. तुझ्या नावाखाली चोर असं लिहिलंय. टोळीतली, असं. मावशी, ते जगभर दिसतं. मी रडत होते बहुतेक, कारण तिनं पदर पुढे केला.

"कोनी लिवला?"

"कोण आहेत कोण जाणे. आपल्याला ओळखतही नाहीत ते."

"मंग ते परके," ती म्हणाली. "मना ते वळखत नाय, मी त्यांना वळखत नाय. रस्त्यानं जानारा मानूस मना काय पन बोलंल. मी काय त्याच्या मागं धावू?"

मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. म्हणजे एवढंच होतं. पंधरा दिवस मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता. जवळ्याचा वासही मला त्या क्षणी गोड लागला.

मावशीनं खराटा हातात घेतला, मग पुन्हा खाली ठेवला.

"मंग माझा बेस्तरवार?" तिनं विचारलं. "दोन बेस्तरवार झाले. मी बोललू ते कुठं हाय?"

"माझ्याकडे आहे. चढवलं नाही. तुझं नाव दिसलं असतं तर ते परत आले असते, म्हणून..."

"नेटवर्क बोललीस तू."

"हो."

"माझा वार कोनाला दिलास?"

हा प्रश्न मी पाठ केलेल्यांत नव्हता. दुसऱ्या कोणाचंही नाव मला घेता आलं असतं, सरांचं सुद्धा. समोर समुद्र ओहोटीला लागला होता. त्या ओहोटीला ती काय म्हणते ते मला तिनंच शिकवलं होतं.

"मला," मी म्हणाले.

मला ओरडा हवा होता, निदान एखादी कोळणीची सणसणीत शिवी, पण ती माझ्याकडे अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघतात तशी बघत राहिली. मग तिनं कमरेचा मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"माझं नाव काढ त्यातनं."

"मावशी..."

"सगला काढ. वाऱ्याचा, होडीचा, सगला. पुसून टाक."

"पुसता येत नाही, मावशी."

"तू पुस. तूच टाकलास ना?"

"मला पण येत नाही. कोणालाच येत नाही."

तिनं मोबाइल परत कमरेला खोचला, खराटा उचलला आणि ताडपत्रीवरचा जवळा एका बाजूनं उलटा करायला लागली. माझ्या टोपलीपर्यंत आली तेव्हा थांबली. मी उठले, टोपली बाजूला केली आणि तिनं तिथला जवळाही पसरला.

"तूच बोल्लेलीस तेव्हा," ती खाली बघतच म्हणाली. "कोन पुसनार नाय. मना तेव्हा बरा वाटलेला."